खाटेचा धनी कोण?

रुग्णालय चांगले की वाईट हे ठरविण्याची एकच कसोटी आपल्या मध्यमवर्गात रूढ झालेली आहे, आणि ती म्हणजे त्याच्या दारावरील पाटीवर कोणाकोणाची नावे झळकतात ही होय. अमक्या ठिकाणी हृदयाचे मोठे डॉक्टर येतात, तमक्या ठिकाणी मूत्रपिंडाचे; नावापुढील पदव्यांची माळ जितकी लांब, तितका आपला जीव लवकर भांड्यात पडतो. ही कसोटी खोटी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. खरी कसोटी एका साध्या प्रश्नाची आहे. रात्री दोन वाजता आपल्या रुग्णाला धाप लागली, तर त्याच्या खाटेपाशी कोण येणार, आणि जो येईल त्याला त्या रुग्णाविषयी काय ठाऊक असणार? ज्या रुग्णालयाला या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या नावाने देता येत नाही, ते कितीही संगमरवरी असले तरी चांगले नव्हे.

आम्ही पडलो कारकून. तेव्हा आधी हिशेब मांडू. मोठे डॉक्टर सकाळी फेरीला येतात. त्यांच्यामागे तीनचार माणसांचा लवाजमा असतो. ते रुग्णाच्या खाटेपाशी दहा मिनिटे थांबतात असे धरू, आणि इतके धरणे हे औदार्यच झाले. दिवसाची मिनिटे १४४०. मग उरलेल्या १४३० मिनिटांचे काय? रक्ताचा तपासणी-अहवाल दुपारी येतो, ताप तिन्हीसांजेला चढतो, सलाइनची सुई संध्याकाळी बाहेर येते, आणि वृद्ध माणसाला भ्रम व्हायचा तो हटकून मध्यरात्री होतो. आजाराला फेरीची वेळ कोणी कळविलेली नसते. यात मोठ्या डॉक्टरांचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यांना बाह्यरुग्ण विभाग आहे, शस्त्रक्रिया आहेत, शिकवणे आहे, आणि खाजगी क्षेत्रात असतील तर आणखी दोन रुग्णालये आहेत. दोष आहे तो या व्यवस्थेचा. तिने रुग्ण एकाच्या नावावर दाखल करून घेतला, सांभाळायला दुसऱ्याकडे दिला, आणि उत्तरदायी कोणालाच ठेवले नाही.

आमच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. गावाहून मुलाकडे आलेले हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ न्यूमोनियाने आजारी पडून एका मोठ्या रुग्णालयात दाखल झाले. त्या रुग्णालयाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही; त्याच्या जागी दुसरे कोणतेही घातले तरी हकिकत तीच राहील. त्यांचे हृदय मुळात अशक्त, मूत्रपिंडेही थकलेली. हृदयाच्या डॉक्टरांनी अंगातील पाणी उतरावे म्हणून लघवी वाढविणारे औषध लिहिले. दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहून ते थांबविले आणि सलाइन चालू केले. तिसऱ्या दिवशी पुन्हा दम लागला, तेव्हा सलाइन बंद झाले व औषध परत आले. चौथ्या दिवशी ते पुन्हा थांबले. दोघेही आपापल्या अवयवापुरते बरोबर होते. छातीचे डॉक्टर तर दोघांहून निराळे. मुलाने प्रत्येकाला विचारले, तेव्हा हृदय ठीक आहे, किडनी सुधारते आहे, छातीचा फोटो पहिल्यापेक्षा चांगला आहे, अशी तीन उत्तरे मिळाली. वडील कसे आहेत, हे मात्र कोणालाच सांगता येईना. ते बरे होऊन घरी आले, हे त्यांचे भाग्य आणि तेथील परिचारिकांचे उपकार. परंतु ज्या देहात हृदय आणि मूत्रपिंडे एकत्र नांदतात, त्या देहाकडे पाहणारा माणूस त्या इमारतीत नेमलेलाच नव्हता, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

सरकारी कचेरीला नावे ठेवण्याची आज फॅशन आहे. पण कचेरीचा एक नियम रुग्णालयांनी शिकण्यासारखा आहे. आमच्याकडे प्रत्येक फाइलला एक हाताळणारा असतो. अधिकारी बदलून गेला तर पदभार दिल्याचा व घेतल्याचा कागद होतो, आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात. तो रजेवर गेला तर त्याचे काम कोण पाहील याचा हुकूम आधी निघतो. स्टेशनमास्तरसुद्धा पाळी सोडताना कोणत्या मार्गावर कोणती गाडी उभी आहे हे लिहून, सही करून मगच घरी जातो. एका मालगाडीची जेवढी तजवीज, तेवढी तरी जिवंत माणसाची असू नये काय? फाइल हरवली तर चौकशी होते. रुग्णाच्या उपचाराचा धागा हरवला तर त्याला गुंतागुंत म्हणतात.

हा रोग केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत पूर्वी रुग्णाचा नेहमीचा डॉक्टरच आपल्या दवाखान्याच्या आधी वा नंतर रुग्णालयात जाऊन त्याला पाहत असे. १९८३ मध्ये तेथील सरकारच्या मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या विमा योजनेने रुग्णालयांना प्रत्यक्ष खर्चाऐवजी आजारागणिक ठरावीक रक्कम देण्यास प्रारंभ केला. त्यामुळे रुग्णाचा प्रत्येक वाढीव दिवस रुग्णालयाच्या तोट्यात जमा होऊ लागला. मुक्काम आखूड झाले, खाटांवर अधिक गंभीर रुग्ण उरले, आणि तपासण्यांचा वेग वाढला. चार मैलांवरच्या दवाखान्यात बसून हे सारे सांभाळणे अशक्य होते. १९९६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यकीय विद्यालयातील रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन या दोघांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधील लेखात एका नव्या प्रकारच्या डॉक्टराला नाव दिले: हॉस्पिटलिस्ट. दाखल झालेल्या रुग्णाचा भार त्याच्या नेहमीच्या डॉक्टराकडून स्वीकारायचा, रुग्णालयातील मुक्कामात त्याच्या सर्व उपचारांचे उत्तरदायित्व घ्यायचे, आणि घरी पाठविताना तो पुन्हा मूळ डॉक्टराच्या स्वाधीन करायचा, हे याचे काम. पुढच्याच वर्षी या डॉक्टरांची संघटना निघाली. २०१६ मध्ये त्याच दोन लेखकांनी त्याच नियतकालिकात वीस वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांची संख्या पन्नास हजारांवर गेली होती.

या नव्या शाखेचे वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. वैद्यकाच्या बहुतेक शाखा अवयवावरून वा वयावरून पडल्या. ही शाखा पडली ती जागेवरून. खाटेवर पडलेला माणूस हाच तिचा विषय. मराठीत तिच्या वैद्याला आम्ही कक्षवैद्य म्हणू. वैद्य म्हणजे जाणणारा. आणि कक्षात राहून जाणणारा तो कक्षवैद्य. याहून सरस शब्द कोणी सुचविला तर आमचा आग्रह नाही. आग्रह आहे तो माणसाचा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप आपल्याच मंडळींचा असतो. फॅमिली डॉक्टर नाहीसा झाला, हे सर्व त्याचे फळ आहे, असे म्हणून आपल्याकडचे लेखक गहिवरतात. घोटभर चहा घेऊन आजोबांच्या नाडीबरोबर घरातील कुरबुरीही पाहणारा तो सदाशिव पेठेतला किंवा धंतोलीतला डॉक्टर आम्हांलाही प्रिय आहे. परंतु वाचकहो, आपण बदलीची माणसे आहो. आपला फॅमिली डॉक्टर नागपुरात, आपली नोकरी गुवाहाटीत, आणि आजारी पडलेली आई चेन्नईच्या गाडीतून नुकतीच उतरलेली, अशी आपली स्थिती. दर तीनचार वर्षांनी जो गाव बदलतो, त्याने पिढीजात डॉक्टराची आस धरणे म्हणजे भाड्याच्या घरात आंब्याची कोय पुरण्यासारखे आहे. शिवाय तो फॅमिली डॉक्टर आज असता, तरी कृत्रिम श्वासयंत्र आणि तासातासाचे रक्ताचे अहवाल यांच्या जगात त्याचा हात किती चालला असता? घरच्या डॉक्टराची थोरवी घरात होती. खाटेपाशी वेगळा माणूस लागतो, आणि ज्यांना परमुलखात कोणी ओळखीचे नाही अशा आपल्यासारख्यांना तो सर्वांआधी लागतो.

येथे भाषेचीही एक गोष्ट आहे. दुखणे सांगायला मराठीत शब्दांना तोटा नाही. कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, मुरडा होतो, पोटात कालवते, उमासे येतात, घेरी येते, जीव घाबरा होतो. यांतील प्रत्येक शब्द निराळे लक्षण सांगतो. साताऱ्याहून आलेली आपली आई हे सारे कोलकात्याच्या रुग्णालयात कोणाला सांगणार? दहा मिनिटांच्या फेरीत ती नुसती 'दर्द' म्हणते आणि गप्प बसते. दिवसातून चारदा खाटेपाशी येणारा डॉक्टर बंगाली असला, तरी तिसऱ्या दिवशी तो तिच्या चेहऱ्यावरून कळ आणि ठणका यांतला भेद ओळखू लागेल. भाषेची उणीव भरून काढणारी एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे वेळ.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा कक्षवैद्य रुग्णाला पूर्वी कधी भेटलेला नसतो आणि पुढेही भेटणार नसतो. शिवाय तो पाळीने काम करणार. मग धागा जोडला कोठे, तो तर दोन ठिकाणी अधिक तुटला, असे आक्षेपक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते झाकून वाद जिंकण्यात आम्हांला गोडी नाही. अमेरिकेतील ४५ रुग्णालयांच्या, ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, कक्षवैद्यांकडील रुग्णांचा मुक्काम इतर डॉक्टरांकडील रुग्णांपेक्षा सरासरीने सुमारे ०.४ दिवसाने कमी होता. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. २०११ मध्ये मेडिकेअरच्या रुग्णांसंबंधी जो अभ्यास आला, त्याने तर डोळ्यांत अंजन घातले. कक्षवैद्यांमुळे रुग्णालयातील खर्च सरासरी २८२ डॉलरांनी उतरला होता, पण घरी गेल्यावरच्या तीस दिवसांत तो ३३२ डॉलरांनी चढला होता. एका खिशातले दुसऱ्यात गेले, आणि वर पन्नास डॉलर लागले.

या आकड्यांवरून कक्षवैद्य निरुपयोगी ठरतो काय? आमच्या मते ठरतो तो एवढाच की, माणूस नेमणे पुरे नाही, सांधाही नेमावा लागतो. रुग्ण घरी जाताना जे कागद त्याच्या हाती पडतात, त्यांत कोणते औषध का बदलले आणि कोणता अहवाल यायचा राहिला हे नसेल, तर मुक्कामात केलेले कष्ट उंबरठ्यावर सांडतात. पाळी बदलताना तेच. आणि हा सांधा जोडता येतो याचा पुरावा आहे. अमेरिका व कॅनडा येथील नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांना रुग्ण एकमेकांच्या स्वाधीन करण्याची ठरावीक पद्धत शिकविण्यात आली: आजार किती गंभीर, आतापर्यंत काय झाले, काय करायचे राहिले, काय बिघडू शकेल, आणि घेणाऱ्याने ते आपल्या शब्दांत उलट सांगायचे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाले. कोणतेही नवे यंत्र आणले नव्हते. आमच्या कचेरीतला पदभाराचा कागद तेवढा नीट लिहिला गेला होता.

तिसरा आक्षेप असा की, हे सारे आपल्याकडे आहेच. निवासी डॉक्टर रात्रंदिवस कक्षात असतात, त्यांना कक्षवैद्य म्हणा म्हणजे झाले. हा युक्तिवाद आम्हांला निर्दय वाटतो. निवासी डॉक्टर हा विद्यार्थी आहे. त्याने शिकावे म्हणून त्याला तेथे ठेवले आहे, आणि आपण त्याच्या खांद्यावर रुग्णालयाची सबंध रात्र टाकून मोकळे झालो आहो. त्याचे काम सामान्यतः सलग १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक असू नये, असे केंद्र सरकारने १९९२ मध्येच लिहून ठेवले. तो कागद कागदच राहिला. सलग छत्तीस तासांची पाळी हा आपल्याकडे आजही नित्याचा प्रकार आहे. न्यूयॉर्क राज्याला आठवड्याला ८० तासांची मर्यादा घालावी लागली ती १९८९ मध्ये, तीही एका अठरा वर्षांच्या मुलीचा रुग्णालयात रात्रीत मृत्यू झाल्यावर आणि त्यावरून काहूर माजल्यावर. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरील एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, तेव्हा सगळ्या देशाला कळले की, आपल्या रुग्णांची रात्र जी सांभाळते, तिला पाठ टेकायला सुरक्षित खोलीही नव्हती. जिला आपण माणूस म्हणून मोजले नाही, तिच्याकडे आपण आपली माणसे सोपविली होती.

खाजगी रुग्णालयांची रात्र तर आणखी विलक्षण. पाटीवर सारे तज्ज्ञ, पण रात्री थांबणारा डॉक्टर पुष्कळदा होमिओपॅथीचा किंवा आयुर्वेदाचा पदवीधर, आणि त्याला अधिकार एकच, तो म्हणजे फोन करण्याचा. त्या तरुणाची आम्ही हेटाळणी करीत नाही. तोही पोटासाठी राबतो. परंतु ज्याला निर्णय घेण्याचे शिक्षण ज्या पद्धतीत दिले नाही, त्याच पद्धतीच्या अतिदक्षता विभागात त्याला एकटा उभा करणे हा रुग्णावर जितका अन्याय आहे, तितकाच त्याच्यावरही. येथे एक गमतीची गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्या देशात रुग्णालयाच्या प्रशासनाची एम. डी. ही पदवी आहे. इमारत, भांडार, कर्मचारी यांचे शास्त्र आपण मान्य केले. त्या इमारतीत निजलेल्या माणसाला सांभाळण्याच्या शास्त्राची तशी स्वतंत्र पदवी मात्र नाही.

चौथा आक्षेप पैशाचा. गरीब देशाला ही चैन परवडणार कशी? खेड्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात कक्षवैद्य बसवा असे आम्ही म्हणत नाही. तेथे आधी डॉक्टर बसवा एवढेच पुरे. परंतु ज्या रुग्णालयात सहा प्रकारचे तज्ज्ञ आणि लाखोंची यंत्रे आहेत, तेथे परवडत नाही हे म्हणणे हास्यास्पद आहे. दोन तज्ज्ञांनी एकमेकांस न विचारता केलेल्या दुहेरी तपासण्या परवडतात, सायंकाळी घरी जाऊ शकणारा रुग्ण केवळ फेरी व्हायची म्हणून सकाळपर्यंत ठेवणे परवडते, आणि हे दोन्ही थांबवू शकणारा माणूस तेवढा परवडत नाही! मात्र एक भीती खरी आहे. कक्षवैद्य रुग्णालयाचा पगारी नोकर असतो. खाट लवकर मोकळी करण्यासाठी चालकांनी त्याला रुग्ण हाकलणारा मुकादम बनविणे अशक्य नाही. अमेरिकेत त्याचा जन्मच मुळी पैशाच्या हिशेबातून झाला, हे विसरून चालणार नाही. म्हणून त्याने किती खाटा मोकळ्या केल्या हे मोजू नये. घरी गेलेले किती रुग्ण महिन्याच्या आत परत आले, हे मोजावे.

तेव्हा आपण मागायचे काय? केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा आरंभ दिल्लीत १९५४ मध्ये झाला. तेव्हापासून कर्मचाऱ्याने कोणत्या कक्षात निजावे हे मूळ वेतनावरून ठरविण्यापर्यंत आपली नियमावली बारीक झालेली आहे. कोणाला सर्वसाधारण कक्ष, कोणाला निमखाजगी, कोणाला खाजगी, हे आम्हांला तोंडपाठ आहे. खाटेचा दर्जा ठरला. खाटेचा धनी ठरायचा राहिला. योजनेच्या यादीत नाव हवे असलेल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयावर चार अटी घालाव्यात. प्रत्येक रुग्णाच्या खाटेपाशी, त्या पाळीत सर्व उपचारांना उत्तरदायी असलेल्या पात्र डॉक्टराचे नाव लिहिलेले असावे. पाळी बदलताना रुग्ण लेखी स्वरूपात, दोघांच्या सह्यांनी सोपविला जावा. नातेवाइकांना एका ठरलेल्या वेळी एकाच माणसाकडून सबंध रुग्णाची हकिकत कळावी, अवयवांची नव्हे. आणि घरी जाताना बदललेली औषधे कारणांसह, राहिलेल्या तपासण्यांसह लिहून मिळावीत. रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावीत हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेलेच आहे. आमचे मागणे त्याच्या एक पाऊल पुढे आहे, एवढेच.

या अटी आकाशातून पडणार नाहीत. त्यांचा मसुदा कोणत्या तरी कक्षाधिकाऱ्याच्या टेबलावर होतो, त्यावर कोणी तरी टिपणी लिहितो, कोणी तरी ती वर पाठवितो. हे अंक जेथे जेथे जातात, त्यांतल्या काही टेबलांवर ती फाइल कधी ना कधी येणारच. ज्यांच्याकडे ती येईल त्यांनी तिच्यावर नुसते 'पाहिले' असे लिहून पुढे सरकवू नये. आणि ज्यांच्याकडे ती येणार नाही, अशा आम्हां सर्वांनी रुग्णाला घेऊन रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना, येथे मोठे डॉक्टर कोण आहेत हे विचारणे सोडून द्यावे. रात्री कोण आहे, हे विचारावे. आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.